बाजारचा सायलेन्सर: काय चालवून घ्यावं, काय नाही

गाडीचा मूळ सायलेन्सर गेला की कंपनीचा नवा घेणारे थोडेच. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांचा तो खाऱ्या हवेने सडतो, शहरातल्यांचा छोट्या छोट्या फेऱ्यांत आतून गंजतो, आणि मारुती इको चालवणाऱ्यांचा तर चक्क चोरीला जातो. इकोच्या सायलेन्सरचोरीचे गुन्हे महाराष्ट्रात ठिकठिकाणी नोंदले गेले आहेत. चोराला नळकांडं नको असतं. त्याला हवा असतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आतल्या सिरॅमिक ठोकळ्यावरचा प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा लेप. मग मालक पुण्यात नाना पेठ गाठतो, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, नाहीतर तालुक्याच्या गावातला ओळखीचा सायलेन्सरवाला. भाव मूळ भागाच्या कितीतरी खाली असतो. सायलेन्सर बसतोही, पण नीट बसत नाही. शेपूट बंपरला टेकतं, एक रबर ताणलेलं तर दुसरं ढिलं राहतं, स्पीडब्रेकरवर खाली कुठेतरी ठक्क वाजतं. मेकॅनिक म्हणतो, ‘चालेल हो, काही होत नाही.’

बऱ्याचदा त्याचं खरंही असतं. थोडा वाकडा सायलेन्सर घेऊन गाडी वर्षानुवर्षं चालू शकते. पण ‘चालेल’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी झाकल्या जातात: आवाज, टेकणं आणि गळती. आवाज सोसता येतो. टेकणं कुठे आणि कशाला, यावर ठरतं. गळती मात्र एक दिवसही चालवून घेऊ नये, आणि म्हणून आधी तिच्याबद्दल.

पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेत थोडा असला तरी शरीरात साठत जातो. कन्व्हर्टर गरम आणि शाबूत असेल तर तो या वायूचं बरंचसं काम संपवतो, पण कन्व्हर्टरच्या आधीच्या सांध्यातून गळणारा धूर कच्चा असतो. इकोसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली आहे. तिथल्या सांध्यातली गळती ड्रायव्हरच्या पायाखाली होते, आणि या गाड्या शाळेच्या मुलांना ने-आण करायला आणि रुग्णवाहिका म्हणूनही वापरल्या जातात. इंजिन पुढे असलेल्या गाड्यांत बॉनेटखालचा धूर काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून ब्लोअर आत ओढतो. प्रवासात सगळ्यांचंच डोकं एकदम जड झालं, मळमळू लागलं, मुलं पेंगू लागली, तर घाट लागला म्हणून गोळी देऊन गप्प बसू नका. गाडी थांबवा, इंजिन बंद करा, दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. कोणी गुंगीत असेल, बोलणं तुटक झालं असेल, तर थेट रुग्णालय गाठा आणि तिथे धुराचा संशय स्पष्ट सांगा, कारण बोटाला लावायचं ऑक्सिजनचं साधं यंत्र अशा वेळी आकडा चांगला दाखवू शकतं.

धूर आत यायची दुसरी वाट मागून आहे, आणि बाजारच्या सायलेन्सरमध्ये ती फार आढळते. टेलपाईप तोकडा पडतो आणि बंपरच्या आतच संपतो. हॅचबॅकच्या किंवा व्हॅनच्या मागे धावताना हवेचा दाब कमी होतो, तिथे धूर घुटमळतो आणि डिकीचं रबर जुनं असेल तर आत शिरतो. सामान जास्त झालं म्हणून डिकी दोरीने अर्धवट बांधून जाणाऱ्यांना हा धोका अधिक. इलाज स्वस्त आहे: सायलेन्सरवाल्याकडून पाईपचा तुकडा जोडून तोंड बंपरच्या बाहेर काढून घ्या आणि डिकीचं रबर बदला. गळतीची शंका असताना पावसात काचा लावून, एसी चालू ठेवून उभ्या गाडीत झोपू नका. गळती नसली तरी झोपू नये, पण शंका असताना तर मुळीच नाही.

गळती शोधायला यंत्र लागत नाही. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना, उघड्यावर, हँडब्रेक ओढून आणि गिअर न्यूट्रलला ठेवून एकाने स्टार्टर मारावा. दुसऱ्याने जाड हातमोजा घालून, ओल्या फडक्याच्या घडीने टेलपाईपचं तोंड दोन-तीन सेकंद दाबावं. यंत्रणा घट्ट असेल तर फडकं मागे रेटलं जातं आणि इंजिन घुसमटतं. गळत असेल तर खालून कुठून तरी फुसफुस ऐकू येते. नक्की जागा कळायला सांध्यांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे उठतात. जुनी गळती तर नुसत्या डोळ्यांनीही दिसते, कारण सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा उमटलेला असतो. थंड इंजिनात टिकटिक आवाज येतो आणि दहा मिनिटांनी जातो, तेव्हा बहुधा मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलेलं असतं. गरम झाल्यावर धातू फुगून फट मिटते, म्हणून आवाज थांबतो. दोष तसाच राहतो. हे सगळं पाहायला गाडीखाली जायचं असेल तर गॅरेजचा खड्डा किंवा लिफ्ट वापरा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका.

पुढच्या बाजूच्या गळतीचा आणखी एक त्रास खिशाला होतो. इंजिनमधून धूर सलग वाहत नाही, झटक्याझटक्याने येतो, आणि दोन झटक्यांमधल्या क्षणी फटीतून बाहेरची हवा उलट आत ओढली जाते. ती ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचली की संगणकाला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय. तो जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज घसरतं, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि जादा इंधनाने कन्व्हर्टर तापून खराब होतो. दिवा लागला म्हणून आधी सेन्सर बदलणारे आणि मग पॅकिंग बदलणारे खूप जण भेटतात. क्रम उलटा ठेवा, पॅकिंगला शंभर-दोनशेच लागतात.

आता वाकडेपणाबद्दल. सायलेन्सर नीट का बसत नाही, हे समजलं की अर्धा त्रास आपणच कमी करू शकतो. मूळ भाग त्या गाडीच्या साच्यात तयार होतो. बाजारचा भाग नमुन्यावरून वाकवलेला असतो, आणि वाकणात पुढे दोन अंशांचा फरक पडला तर मागे शेपटाशी तो काही सेंटिमीटरचा होतो. त्यात उष्णतेची भर. साध्या पोलादाचा तीन मीटर लांब पाईप ३०० अंशांनी तापला तर साधारण एक सेंटिमीटर वाढतो, ३०४ दर्जाच्या स्टेनलेसचा दीड सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे थंड गाडीत बोटभर दिसणारी फट तासाभराच्या प्रवासानंतर उरेलच असं नाही. ‘गॅरेजमध्ये वाजत नाही, हायवेला वाजतं’ ही तक्रार त्यामुळे खरी असते. मेकॅनिकला गाडी गरम असतानाच दाखवा. हात लावायचा नाही, टॉर्चने फक्त बघायचं. टेकलेल्या जागी रंग उडून धातू चकाकतो, ती खूण थंड झाल्यावरही राहते.

बसवताना बहुतेक ठिकाणी घाई होते. पुढचा फ्लँज आधी आवळून टाकतात, मग उरलेलं सगळं ओढून-ताणून रबरांत अडकवतात. त्यामुळे सगळा पीळ मॅनिफोल्डमागच्या फ्लेक्सिबल पाईपवर येतो. हा जाळीचा तुकडा इंजिनचं डोलणं झेलण्यासाठी असतो, वाकडा पाईप सरळ धरून ठेवण्यासाठी नाही. कायम ताणात राहिला की जाळी फाटते, आणि गळती नेमकी पुढच्या बाजूला सुरू होते. योग्य रीत अशी: सगळे बोल्ट आधी ढिले ठेवून पूर्ण सायलेन्सर रबरांवर टांगायचा, प्रत्येक रबर साधारण सरळ उभं लोंबतंय का ते पाहायचं, पाईप फिरवून सगळीकडे फट मिळवायची आणि मग इंजिनकडून मागे येत एकेक सांधा आवळायचा. आधीच बसवलेला सायलेन्सर असा पुन्हा ढिला करून घेतला तर निम्म्याहून अधिक खडखड जाते, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी मेकॅनिकला वेगळी मजुरी द्या, मोकळ्या मनाने द्या. दोन-तीन आठवडे गाडी चालल्यावर, काही वेळा तापून-थंडावून झाल्यावर, सगळे नट पुन्हा एकदा आवळून घ्या.

अनेक छोट्या गाड्यांत पुढच्या सांध्याला गोल पॅकिंग आणि स्प्रिंगचे दोन बोल्ट असतात. तो सांधा हलावा म्हणूनच स्प्रिंग आहे. एक स्प्रिंग हरवली म्हणून तिथे साधा बोल्ट करकचून आवळला की सांधा ताठ होतो आणि ताण पाईपच्या जोडावर जातो. स्प्रिंग वेगळी विकत मिळते. रबरांच्या बाबतीतही हेच: तुटलेल्या रबराऐवजी तार गुंडाळली तर इंजिनचा प्रत्येक कंप थेट पत्र्यात उतरतो. नवं रबर चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा. ग्रीस नको, ते रबर खातं.

टेकण्याबद्दल माझी फूटपट्टी सोपी आहे. लोखंडाला लोखंड टेकत असेल तर तो आवाजाचा प्रश्न आहे, जमेल तेव्हा सोडवा. नळी, वायर, रबर किंवा प्लास्टिकला टेकत असेल तर आजच सोडवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११३ व्या नियमानुसार एक्झॉस्ट पाईप इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असता कामा नये. हे अंतर कायद्यापुरतं न ठेवता ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, सेन्सरची वायर आणि प्लास्टिकची टाकी यांनाही लावा. सीएनजी गाडीत तर फारच जपा. सिलिंडर मागे असतो, तिथून इंजिनकडे येणारी पोलादी नळी गाडीच्या पोटाखालून जाते आणि तिच्यात सुमारे २०० बारचा दाब असतो. सायलेन्सर तिच्यावर घासत राहिला तर नळी झिजते. तिथे पाईपला कापड किंवा रबराचा तुकडा गुंडाळणं हा उपाय नव्हे, पाईपच हलवून घ्यावा लागतो. प्लास्टिकचा बंपर वितळत असेल तर मागचा हँगर थोडा वाकवून शेपूट खाली घेता येतं, मात्र आधी पाहून घ्या की स्पीडब्रेकरवर ते घासणार नाही.

आवाजांपैकी सर्वांत घाबरवणारा आवाज बहुतेक वेळा सर्वांत निरुपद्रवी असतो. रेस करताच पत्रा खणखणतो, तो बहुधा सायलेन्सरच्या वरचा उष्णतारोधक पत्रा, बोल्टभोवती गंजून सुटलेला. तो काढून फेकू नका, वरच्या मॅटला आणि टाकीला तोच वाचवतो. मोठी स्टेनलेसची होज क्लिप पाईपभोवती फिरवून आवळली की काम होतं. सायलेन्सर थंड असताना हाताच्या तळव्याने थोपटा. आत काही खुळखुळलं तर आतली चकती सुटली आहे. धोका नाही, पण पुढच्या वर्षी नवा लागेल. कन्व्हर्टर थोपटल्यावर खडे हलल्यासारखं वाजलं तर मात्र सिरॅमिक फुटलंय. ते तुकडे वाट अडवतात, पिकअप जातो आणि गाडी चढावर दम टाकते. ते टाळाटाळ न करता पाहून घ्या.

मग ती घूं घूं, जी ठरावीक वेगाला केबिन भरून टाकते आणि लांबच्या प्रवासात डोकं उठवते. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणून २,४०० आरपीएमला सेकंदाला ८० ठोके पडतात. अशा खर्जातल्या आवाजाला गाडीची बंद पोकळी साथ देते. मूळ सायलेन्सरमध्ये मधला छोटा डबा अशा आवाजासाठी असतो आणि स्वस्त बदलात तो बहुधा गाळून सरळ पाईप दिलेला असतो. आधी खात्री करा की पाईप कुठे टेकत नाही, कारण टेकलेला पाईप हीच घूं घूं दुप्पट करतो. तरी राहिली तर मधला डबा बसवून घ्या. तोवर गिअर किंवा वेग थोडा बदलून तो टप्पा ओलांडता येतो. डिकीत जाड मॅट टाकून फारसा फरक पडत नाही, त्यावर पैसे घालू नका.

रस्त्यात भोक पडलं तर? एम-सील लावू नका, ते नळासाठी चांगलं, इथल्या उष्णतेत टिकत नाही. सायलेन्सरसाठी मिळणारी उष्णता सोसणारी पेस्ट मागच्या भागातल्या बारीक भोकाला काही महिने निभावते. मॅनिफोल्डजवळ ती टिकत नाही. मोठ्या भोकाला वेल्डिंगच लागतं आणि गावोगावचे वेल्डर ते सुरेख करतात. त्यांच्याकडे जाताना तीन गोष्टी आपणच सांगाव्यात. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, नाहीतर गाडीचा संगणक जाऊ शकतो. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. आणि टाकीजवळचं काम असेल तर सायलेन्सर खाली उतरवूनच करा. ठिगळासाठी पाण्याच्या जीआय पाईपचा तुकडा वापरू देऊ नका. त्यावर जस्ताचा मुलामा असतो, वेल्डिंग करताना जस्ताची वाफ उठते आणि वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो. साधा काळा पाईप घ्यायला सांगा.

सायलेन्सरच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, ते गंज समजून कोणी बुजवू नये. एक लिटर पेट्रोल जळलं की धुरासोबत सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं, सीएनजीत तर याहून जास्त. गाडी दोन किलोमीटर जाऊन बंद झाली की ते पाणी डब्यातच राहतं आणि पातळ पत्रा आतून खाऊन टाकतं. ज्यांची रोजची फेरी छोटी आहे त्यांनी आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवावी. रत्नागिरी, मालवण, गोवा या पट्ट्यात पावसाळ्याआधी आणि नंतर खालचा चिखल गोड्या पाण्याने धुवून घ्या. सांध्यांवर आणि हँगरच्या जोडांवर उष्णता सोसणारा चंदेरी रंग मारला तर दोन पावसाळे जास्त निघतात.

कायद्याच्या बाजूबद्दल मऊ शब्द वापरता येत नाहीत. कन्व्हर्टर चोरीला गेल्यावर त्याच्या जागी पोकळ नळी बसवून देणारे भेटतात, आणि स्वस्त पडते म्हणून लोक घेतात. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाडीला पीयूसीत इंजिन आयडलिंगला असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. पोकळ नळीने ते साधणं कठीण. सांध्यातल्या गळतीनेही परीक्षा बिघडते, कारण आत शिरलेल्या हवेमुळे लॅम्डाचा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा, आकडा ०.९७ ते १.०३ या हद्दीबाहेर जातो. मोठ्या आवाजासाठी सायलेन्सर बदलणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) वाचावं: आवाज आणि हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडले तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. दंड राहू द्या बाजूला. रात्री अकराला आपल्या गल्लीत कोणाचं तान्हं बाळ झोपलंय, कोणाचे आजारी वडील झोपलेत, हे आपल्याला ठाऊक असतं. तेवढं पुरेसं व्हावं. चोरी झाली असेल तर पोलिसांत नोंद करा, विमा तपासा, कन्व्हर्टर असलेलाच भाग घ्या आणि त्याभोवती बोल्ट झाकणारी पोलादी जाळी बसवून घ्या. अशा जाळ्या इकोसाठी बाजारात मिळतात.

पुढचा सायलेन्सर घ्यायला जाल तेव्हा जुना उतरवून सोबत न्या. गाडीचं नुसतं नाव सांगून भागत नाही, कारण त्याच नावाच्या गाडीचे बीएस-३, बीएस-४ आणि बीएस-६ चे भाग वेगळे असतात. दुकानासमोर जमिनीवर दोन्ही शेजारी ठेवा. फ्लँजच्या भोकांमधलं अंतर, हँगरच्या सळ्यांची दिशा, सेन्सरची जागा आणि तिथला आटा, शेपटाची लांबी हे सगळं टेपने मोजा. चुंबक लावून स्टेनलेस ओळखता येतं असं दुकानदार सांगेल, पण गाड्यांत वापरलं जाणारं ४०९ दर्जाचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. त्यापेक्षा पत्र्याची जाडी आणि वजन बघा, वेल्डिंगची रेघ सलग आहे का बघा. मापात फरक दिसला तर तिथेच दुसरा मागा. भाग गाडीवर चढून एकदा वेल्डिंगचा टाका पडला की तो कोणी परत घेत नाही.